काळबांड्यांचं काश्मीर

“मॅडम, शाल घ्या.”

दारातून आत पाऊल टाकलं नाही तोच एका पोरीने माझ्यापुढे तपकिरी शाल धरली. मे महिना, अमरावती, भर दुपार. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि तोंडाला ओढणी बांधून स्कूटीवरून आलेली मी घामाने निथळत होते. मला वाटलं, काय चलाख पोरगी आहे! उन्हाळ्यात शाली खपवायला निघाली.

“मला विकत नको गं. मी कामाला आलेय.”

“विकाची नाई जी, पांघराची हाये. जातानी वापस देजा.”

मग माझं लक्ष गेलं. तिच्या अंगात स्वेटर होता. पलीकडे साड्यांच्या घड्या घालणाऱ्या माणसाने माकडटोपी घातली होती. गादीवर नवरीमुलीकडची मंडळी ओळीने बसली होती, सगळी शालीत गुरफटलेली, आणि त्यांच्यातल्या एका मावशींचं तर नुसतं नाक दिसत होतं. त्या तशाच स्थितीत एक हात बाहेर काढून वरच्या मजल्यावरून मागवलेल्या शालूचा पदर चाचपत होत्या. अर्ध्या मिनिटात माझा घाम गार झाला आणि मी गुपचूप शाल घेतली.

गावात या दुकानाला ‘काळबांड्यांचं काश्मीर’ म्हणत. पाटीवर अर्थात ‘नत्थूजी काळबांडे वस्त्रालय’ असं होतं. ज्यांना काही घ्यायचं नाही अशीही माणसं दुपारची तिथे येऊन बसत, दोन-चार साड्या उलगडायला लावत आणि अंग निवलं की ‘पाहून सांगतो’ म्हणून निघून जात.

त्याला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मोठ्या इमारतींमध्ये वीज कुठे वाया जाते ते शोधून काढणं हा माझा धंदा. आज या धंद्यात पायलीचे पन्नास आहेत. तेव्हा अमरावतीत मी एकटी होते आणि मलाही कोणी विचारत नव्हतं. पण मला त्याचं वेडच होतं, आणि ते जन्मजात होतं. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा दिसला की माझं डोकं फिरतं. लग्नघरातसुद्धा मी दिवे बंद करत हिंडते, म्हणून आमच्या नात्यात मला वैजयंती कोणी म्हणत नाही, ‘लोडशेडिंग’ म्हणतात. ‘लोडशेडिंग आली गं, मेणबत्त्या काढा!’

तर मला बोलावलं होतं थोरल्या काळबांड्यांनी, गुणवंतरावांनी. साठीचा माणूस, पांढरं धोतर, त्यावर लोकरीचं जाकीट. त्यांनी मला जमिनीवर ओढलेली एक चुन्याची रेघ दाखवली. ती दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. मधल्या खांबाशी तेवढी वळसा घालून पुन्हा सरळ झाली होती.

“मॅडम, काम असं हाये का, लगीनसराई सरली की या रेघीवर भिंत उभी होते. इकडचं दुकान माह्यं, तिकडचं त्याचं. पण मशीन एकच हाये. तं हवा कशी वाटाची, तेवढं सांगा.”

“त्याचं म्हणजे?”

“त्याचं म्हंजे त्याचं.”

‘तो’ रेघेच्या पलीकडे चार हातांवर उभा होता. धाकटा भाऊ देवानंद, चाळिशीतला, हसऱ्या तोंडाचा, पण हसू आवरून धरलेला.

“मॅडम,” तो म्हणाला, “दादांना विचारा, चहा सांगू का तुमच्यासाठी?”

“त्याले सांगा, मी सांगतलेला हाये,” गुणवंतराव माझ्याकडे बघत म्हणाले.

दोघांमध्ये मी उभी. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दुकान एक, घर एक, जेवायचं ताट शेजारी शेजारी, आणि बोलणं मधल्या माणसामार्फत. तो माणूस नसला तर भिंतीला सांगत.

कारण ती मशीनच होती. त्यांचे वडील नत्थूजी पाठीवर गाठोडं घेऊन गावोगाव कापड विकायचे. त्यांनी हे दुकान उभं केलं आणि ते गेल्यावर मुलांनी त्याचं मोठं शोरूम केलं. गार हवेची मशीन आणायचं काम देवानंदने अंगावर घेतलं. मशीन आली आणि थांबायचं नाव घेईना. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत घरघर, घरघर. विजेचं बिल असं यायला लागलं की लगीनसराईचा निम्मा नफा त्यातच जावा. मेकॅनिक आले, कोणी गॅस भरला, कोणी ‘ही काढा, दुसरी घ्या’ म्हणाला. हाताने बंद करून पाहिली, तर पुढच्या काचांतून ऊन यायचं आणि गिऱ्हाईक घामाघूम होऊन उठायचं. चालू केली की गारठायचं. दोहोंत गारठलेलं बरं, ते निदान शाल घेऊन बसतं, असा गुणवंतरावांचा हिशेब.

आणि मग एका दिवाळीत, दुकान गिऱ्हाइकांनी गच्च भरलेलं असताना, त्यांचा तोल गेला. सगळ्यांसमोर ते भावाला म्हणाले, ‘जुनी मशीन नवी म्हणून आनली तू. कमिशन खाल्लं. घरातच चोर निंगाला.’ त्या दिवसापासून बोलणं बंद, आणि आता भिंत.

मी चहा संपवला. “भाऊ, हवा वाटायचं नंतर बघू. आधी मला बघू द्या, मशीन थांबत का नाही.”

“चोराची मशीन हाये. थे कशी थांबन?”

“ते मी मशीनलाच विचारते,” मी म्हणाले. माझी जीभ तेव्हा जरा जास्तच चालायची, अजूनही चालते.

गच्चीवर देवानंद माझ्याबरोबर आला. ऊन डोक्यात टोचे मारत होतं. शाल मी खालीच टाकून आले होते. मशीन घोंघावत होती. मी तिचा पत्रा खोलला, मीटर लावले, नळ्यांना हात लावून पाहिला, आवाज ऐकला, पाटीवरचं साल वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मला अगदी उकळ्या फुटायला लागल्या.

“भाऊ, ही जुनी नाहीये.”

“काय?”

“नवीकोरी होती आणली तेव्हा. पाटीवर साल कोरलंय, इथे बघा. आणि ठणठणीत आहे! मी आजवर एवढी चांगली चालणारी मशीन पाहिलेली नाही. उन्हात उभी राहून न थकता गार हवा देतेय बिचारी. हिचा काहीही दोष नाही.”

तो कठड्यावर बसला. कठडा तापलेला होता, तरी बसला.

“खरं सांगता?”

“खोटं कशाला सांगू?”

“मलाच वाटायला लागलं होतं मॅडम, की मी फसलो. दादा एवढं म्हणतात तर असेलच काही. रात्री झोप नाही यायची. दुकानात पोरी माझ्याकडे बघायच्या तर वाटायचं, मनात म्हणत असतील, हाच तो.” त्याने रुमालाने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी बघितलं नाही.

“मग जाऊन सांगू या!”

“नुसतं सांगून दादा ऐकणार नाहीत. पाटी बदलता येते म्हणतील. ती थांबत का नाही, ते दाखवावं लागेल.”

बरोबर होतं त्याचं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. चांगली मशीन थांबत नाही म्हणजे तिला ‘थांब’ म्हणणारा कोणीतरी बिघडलाय. प्रत्येक मशीनला असा एक सांगणारा असतो, भिंतीवर बसवलेली छोटी डबी. ती आजूबाजूची हवा चाचपते. दुकान गार झालं की मशीनला म्हणते, बस्स. गरम झालं की म्हणते, उठ.

“तुमची डबी कुठेय?”

“कसली डबी? मशीन बसली तेव्हा मी सुरतेला होतो, माल भरायला. आलो तर उद्घाटनाची धावपळ चालली होती.”

“बसवणारा?”

“दुबईला गेला.”

खाली येऊन मी सगळ्या भिंती बघितल्या. डबी नाही. मग मी शिडी मागितली, छतामागच्या पोकळीत डोकं घातलं आणि मशीनपासून निघालेली बारीक वायर धरून तिच्या मागे निघाले. शिडी सरकवायची, वर चढायचं, टॉर्च मारायचा, उतरायचं. अंगावर धूळ, केसांत जाळी. दुकानातलं सगळं लक्ष साड्यांवरून उठून माझ्यावर बसलं.

“काय वो बाई, साप घुसला काय वर?” शालीतल्या मावशींनी विचारलं.

“साप नाही, चोर शोधतेय.”

“चोर!” मावशींचं नाक सोडून बाकीचा चेहराही बाहेर आला. “सापडला तं सांगजा बरं, आमी बसेलच हाओत.”

वायर चुन्याच्या रेघेवरूनच चालली होती. दोन्ही भाऊ आपापल्या बाजूने, मान वर करून, माझ्याबरोबर सरकत होते. आणि मधल्या खांबाशी येऊन वायर वळली आणि खांबावरून सरळ खाली उतरली.

खांबावर नत्थूजी होते.

त्यांचा मोठा फोटो. पेटीसारखी खोल सागवानी चौकट, चंदनाचा हार, आणि चौकटीच्या आत चारही कोपऱ्यांत छोटे पिवळे दिवे. ते अखंड जळत. वीज गेली तर त्यांच्यासाठी वेगळी बॅटरी होती. हा फोटो गुणवंतरावांनी उद्घाटनाच्या दिवशी स्वतःच्या हाताने लावला होता, दारासमोर, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बाबा दिसतील. रोज सकाळी आंघोळ करून येऊन ते तो पुसत, हार सारखा करत आणि मगच पहिली साडी उलगडली जाई. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही.

मी शिडीवर होते. गुणवंतराव गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून मघाशीच गादीकडे वळले होते. माझ्याकडे उष्णता मोजायची एक लांब सळई होती. ती मी हळूच चौकट आणि खांब यांच्या फटीत सरकवली. फोटोला स्पर्शही होऊ दिला नाही. आकडा चढायला लागला. दुकानात हुडहुडी भरलेली आणि आकडा आपला चढतोच आहे, चढतोच आहे. बाहेरच्या रस्त्यावर जेवढं ऊन होतं तेवढ्यावर जाऊन तो थांबला.

तो क्षण मला सांगता येत नाही. डबी फोटोमागे होती! चार दिवे तिला रात्रंदिवस शेकत होते. सगळं दुकान गारठून मरत होतं आणि ती बिचारी मशीनला ओरडून सांगत होती, उकडतंय, उकडतंय, अजून गार कर! मी शिडीवरच टाळी वाजवली. शिडी डगमगली. “सापडलं!” मी किंचाळले.

“सापडला काय चोर?” मावशी.

मी खाली बघितलं. शिडी धरून देवानंद उभा होता. त्याने सळई बघितली, वायर बघितली, फोटो बघितला. मला वाटलं आता हा उडीच मारेल. पण त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

“मॅडम, खाली या. आधी खाली या.”

त्याने मला जिन्याकडे नेलं. पायरीवर उभं राहून अगदी हळू आवाजात विचारलं, “दादांना सांगितलं?”

“आता सांगणार!”

“सांगू नका. मशीन खराब आहे म्हणा.”

मी आ वासला. “अहो! आत्ता वर काय बोलत होता तुम्ही? या मशीनपायी चोर ठरलात!”

“ठरलोच आहे ना. दोन वर्षं झाली, सवय झाली.” तो माझ्याकडे बघत नव्हता, मधून मधून खांबाकडे बघत होता. “तो फोटो दादांनी लावलाय. बाबा गेले तेव्हा दादा जेवले नव्हते दिवसचे दिवस. अजूनही दुकानात काही ठरवायचं असलं तर आधी फोटोसमोर जाऊन उभे राहतात. आता मी जाऊन त्यांना सांगू, की तुम्ही भक्तीनं बाबांना तिथे लावलं, अन् त्यानंच दुकान खाल्लं? वरून भावाला फुकट चोर म्हटलं? या वयात? या सगळ्या पोरींसमोर?” त्याने मान हलवली. “ते नाही सहन व्हायचं त्यांना. माझं मला झालं.”

“मग गुपचूप डबी हलवते मी.”

“फोटो उतरवल्याशिवाय कशी हलवाल? अन् फोटोला दादांशिवाय कोण हात लावेल?”

माझा पारा चढला. “भाऊ, तुमच्या घरातलं तुमच्या घरात. पण तुमच्या चार दिव्यांपायी तिकडे कोळशाच्या गाड्याच्या गाड्या जळतायत. तो धूर काळबांड्यांच्या घरापुरता राहतो का? कोणाकोणाच्या छातीत जात असेल तो! आणि तुम्ही म्हणता चालू दे!”

“मी दुसरी मशीन घेतो ना. भिंत होऊन जाईल, माझ्या बाजूला मी नीट करून घेईन. दादांच्या बाजूलाही माझ्या खर्चानं लावून देईन, त्यांना कळू न देता. फक्त आज एवढं म्हणा, मशीन खराब आहे. हात जोडतो.”

त्याने खरंच हात जोडले. मला रडूही येत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. आयुष्यात एवढं मोठं कोडं पहिल्यांदाच सुटलं होतं आणि हा माणूस म्हणत होता, गिळून टाका.

मी परत दुकानात आले. गुणवंतराव गादीवर बसले होते.

“काय निंगालं?”

“मशीन...” मी म्हणाले. “म्हणजे, मशीन खराबच आहे.”

“हो दादा,” देवानंद मागून म्हणाला. “तुमचं बरोबर होतं.” दोन वर्षांत तो पहिल्यांदाच भिंतीला न सांगता थेट भावाला बोलला, आणि बोलला तेही खोटं.

गुणवंतराव उठले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“मॅडम, मी कापडवाला हाये. बाई तोंडानं ‘मस्त हाये, मस्त हाये’ म्हनते, पन तिले साडी पसंत नाई हे मले तिच्या डोळ्यातून समजते. जनम गेला त्यात. तुमी वरतं होत्या तं टाळ्या पिटत होत्या. खाली आल्या तं तोंड उतरलं. अन् मशीन खराब निंगाली तं यानं खाली मान घालाले पायजे होती. हा तं माह्याकडे असा पाहून रायला, जसं मलेच काई झालं.” ते एक पाऊल पुढे आले. “काय लपवून रायले तुमी दोघं?”

मावशींनी हातातला शालू मांडीवर ठेवला.

शिडी अजून खांबालाच टेकलेली होती. गुणवंतरावांची नजर शिडीवरून वर गेली, छतातल्या भोकापर्यंत, तिथून खाली उतरणाऱ्या वायरपर्यंत, आणि वायरबरोबर खाली येत फोटोवर येऊन थांबली.

“थे वायर कुठी जाते?”

ते खांबाशी गेले आणि त्यांनी चौकटीच्या बाजूवर तळहात ठेवला. कितीतरी वेळ तो तसाच राहू दिला.

“रोज पुसतो मी हा फोटो,” ते म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. “हे असंच कोमट लागते. सगळं दुकान बर्फावानी गार, अन् हे एवढंच गरम. मले वाटे...” त्यांनी हार सारखा केला. मग म्हणाले, “मले वाटे, बाबा हायेत इथी.”

देवानंद पुढे झाला. “दादा, असू द्या. मॅडमना नक्की माहीत नाही.”

“तू चूप राय.”

हे मात्र भिंतीला नव्हतं. त्यांनी चपला काढल्या, फोटोला हात जोडले, आणि धोतराचा सोगा खोचून शिडीवर चढले. दिव्यांचं बटण त्यांनी स्वतः दाबलं. नत्थूजींचा चेहरा विझल्यासारखा झाला आणि दुकानातल्या एका पोरीने ‘अगं बाई’ म्हणून तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी चौकट दोन्ही हातांनी उचलली. ती जड होती. शिडीवर साठीचा माणूस, हातात बापाचा फोटो.

“देवा, धर.”

देवानंदने खालून चौकट धरली. दोघांनी मिळून ती उतरवली आणि गादीवर टेकवली. खांबावर एक पांढरी डबी होती, धुळीने माखलेली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, उद्घाटनाच्या धावपळीत चौकटीखाली झाकली गेलेली. दुकानातली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. मशीन घरघरतच होती.

“चालूच हाये,” गुणवंतराव म्हणाले.

“थांबा जरा. डबी तापलीय, निवू द्या.”

समजा, डबीच जळून गेली असेल तर? समजा, माझंच चुकलं असेल तर? मी साडीच्या खोक्याचं झाकण उचललं, शिडीवर चढले आणि डबीला वारा घालायला लागले. बारशाच्या बाळाला घालतात तसा. खालून मावशी म्हणाल्या, “जोरात घाल वो बाई!” मी जोरात घातला.

टक्.

आणि वरची घरघर हळूहळू खाली उतरत गेली आणि बंद झाली.

तसली शांतता मी त्यानंतर पुन्हा ऐकली नाही. पुढे मी मोठाली हॉटेलं पाहिली, दवाखाने पाहिले, वीस-वीस मजल्यांच्या कचेऱ्या पाहिल्या, त्यांची बिलं उतरवली. पण तो ‘टक्’ तो ‘टक्’. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या दुकानात बाहेरच्या सायकलची घंटी ऐकू आली. “लाईट गेली!” कोणीतरी ओरडलं. लाईट गेलेली नव्हती, सगळे दिवे लख्ख होते. माकडटोपीवाला छताकडे बघत उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. “बंद पडलं, आता उकडन,” नवरीची आई म्हणाली. पण उकडलं नाही. दुकान गारच होतं, फक्त बोचेनासं झालं. एकीने शाल खाली ठेवली, मग दुसरीने, मग मावशींनी. आणि पुष्कळ वेळाने, सगळे कान देऊन बसलेले असताना, पुन्हा एक टक् झालं आणि मशीन आपणहून उठली. अख्ख्या दुकानाने टाळ्या वाजवल्या! मी तर शिट्टी वाजवली. मला येते.

टाळ्या वाजवत नव्हते ते फक्त गुणवंतराव. ते फोटोशेजारी गादीवर बसले होते.

“मॅडम, मशीन जुनी हाये का नवी?”

“नवी होती भाऊ. आणि उत्तम आहे.”

“म्हंजे यानं काई खाल्लं नाई.”

“काही नाही.”

“दादा, जाऊ द्या ना आता,” देवानंद म्हणाला. “झालं ते झालं. चला, मी चहा सांगतो.”

गुणवंतराव उठले आणि गल्ल्याकडे गेले. तिथे एक माईक ठेवलेला असे. लगीनसराईत सगळीच कापडवाली मंडळी असा माईक ठेवतात आणि त्याचा कर्णा दाराबाहेर रस्त्याकडे तोंड करून लावतात. त्यावरून कुठला माल कुठे आहे ते दिवसभर देवानंदच पुकारे, त्याचा आवाज खणखणीत. गुणवंतराव कधीच त्या माईकवर बोललेले नव्हते. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला, बटण सापडेना. एका पोरीने दाबून दिलं.

कर्णा किंचाळला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

“मी गुणवंत नत्थूजी काळबांडे बोलतो,” ते म्हणाले, आणि ते बाहेर चौकापर्यंत ऐकू गेलं. “दोन वर्षाआंधी दिवाळीत, या दुकानात, मी माह्या लहान्या भावाले चोर म्हनलो होतो.”

“दादा!” देवानंद धावला. “दादा, बंद करा. सगळा रस्ता ऐकून राहिलाय.”

“ऐकू दे. चोर म्हनलो तवा बी ऐकतच होते सगळे.” हेही कर्ण्यातून गेलं. “मशीन नवी होती. मशीन चांगली हाये. चूक माही होती. माह्या भावानं एक पैसा खाल्ला नाई. अन् आज त्याले समजलं तं त्यानं मले वाचवाले खोटं बोलून पुन्हा चोरपन आपल्या अंगावर घेतलं. दुकानात भिंत होनार होती. आता नाई होत. बस, एवढंच.”

दारात माणसं जमली होती. एक रिक्षावाला रिक्षा तशीच रस्त्यात उभी करून आत डोकावत होता. गुणवंतरावांनी माईक भावापुढे धरला.

“आता तू बोल.”

देवानंदने माईक घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. सगळा रस्ता वाट बघत होता. त्याने एकदा भावाकडे बघितलं, घसा साफ केला, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून, रोजचं जे तोंडात बसलेलं होतं तेच तो म्हणाला,

“शालू... शालू वरच्या मजल्यावर हायेत.”